पान उलटणारी

मेघा त्या दिवशी खुशीला आणायला रामदासपेठेत गेली ती काही हौसेने नव्हे. नवऱ्याने सांगितलं म्हणून गेली आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून गेली. आपल्या जागेवर बसणाऱ्या मुलीला आपल्याच गाडीतून, आपणच गाडी चालवत घरी आणायचं. वर तिला विचारायचं, ताक घेशील का गं म्हणून. बायका अशी कामं हसतमुखाने करतात, आणि मेघाही हसतमुखच होती. आतून मात्र तिचा जळफळाट चालला होता, आणि त्याला मे महिन्यातलं ऊन कारण नव्हतं.

हकीकत अशी होती. तिचा नवरा प्रशिक चेलो वाजवायचा. नागपुरात चेलो म्हटलं की लोक आधी हे काय असतं म्हणून विचारतात, आणि दाखवला की "अच्छा, मोठं व्हायोलिन" म्हणून मोकळे होतात. प्रशिक कोलकात्याला नोकरीत असताना तिथे हे वाद्य शिकला होता. मेघा शाळेतल्या एका सिस्टरकडे लहानपणापासून पियानो शिकलेली. दोघांचं जमलं तेही त्यातूनच, आणि लग्नानंतर एकत्र वाजवणं कधी चुकलं नाही. भांडण झालं की जेवण अबोल्याने व्हायचं, पण त्यानंतरचं वाजवणं व्हायचंच, आणि वाजवून झालं की अबोला आपोआप सुटायचा. त्यांच्या संसाराची सगळी भिस्त त्या तासाभरावर होती, हे मेघाला चांगलं ठाऊक होतं.

हुडकेश्वरला स्वतःचं घर बांधल्यावर त्यांनी कामठीहून एक जुना, भिंतीला लावून ठेवायचा पियानो विकत आणला. त्याच्या स्टुलाची बैठक उघडायची, आणि आतल्या खणात स्वरलिपीचं एक छापील बाड निघालं. चेलो आणि पियानोसाठीचा एक सोनाटा, पहिल्या महायुद्धाच्या थोडा आधी तिकडे युरोपात लिहिलेला. या चिजेत पियानो चेलोची साथ करत नाही. दोघं बरोबरीने बोलतात. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, मध्येच एक गप्प बसून दुसऱ्याचं ऐकत राहतो. प्रशिकला ते इतकं आवडलं की हे लोकांसमोर वाजवायचंच असं त्याने ठरवून टाकलं. तयारी सुरू झाली, आणि मागच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना मेघाचा पाय ओल्या फरशीवरून सटकला. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण शेवटची दोन बोटं फाकेनात. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते नाही म्हणाले.

आणि आता मे अखेरच्या रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला होता, आणि पियानोवर खुशी बसणार होती. खुशी एका व्यापाऱ्याची मुलगी, पुण्याला शिकून सुट्टीत घरी आलेली. बोलायला गोड, वागायला साधी, आणि वाजवायची चांगलं. दुःख तेच होतं.

घरात एसी एकच, आणि तो वाद्यांच्या खोलीत. चेलोला नागपूरचा उन्हाळा सोसत नाही, कूलरच्या ओल्या हवेने पियानोचं लाकूड फुगतं. माणसांना काय, काहीही सोसतं. त्या खोलीत तिघं बसले. पियानो भिंतीला पाठ लावून, म्हणजे वाजवणारीचं तोंड भिंतीकडे. प्रशिक तिच्या उजव्या अंगाला, जरा मागे, खिडकीकडे बघत. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. सुरुवात करायची ती श्वासावर. दोघं एकाच वेळी ऐकू येईल असा श्वास घेतात आणि त्या श्वासाच्या शेवटी पहिला सूर पडतो. मेघा खुशीच्या डाव्या बाजूला खुर्चीवर बसली. तिच्याकडे पानं उलटायचं काम होतं. खुशीने मान हलवली की डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि आवाज न करता पान उलटायचं. दोघांना एकाच वेळी बघू शकणारी त्या खोलीत ती एकटीच होती.

पहिला भाग संपला. प्रशिकने गज खाली ठेवला आणि मान वळवून पियानोकडे बघितलं.

"काय झालं, दादा?" खुशीने विचारलं.

"चांगलं वाजवलं तू," तो म्हणाला. "पण श्वास... तुझ्या बाजूने मले दोन ऐकू येऊन राहिले."

"मी तर एकच घेतला."

"मग मेघाचा असेल."

मेघाने काही श्वास घेतला नव्हता. उलट ती तो रोखून बसली होती. पण तिने तसं सांगितलं नाही, कारण तिला वेगळंच खटकत होतं. प्रशिक पुढे म्हणाला होता, "दुपारी होते तशी मजा नाही आली."

खुशीला घरी सोडून आल्यावर मेघाने विचारलं, "कोणत्या दुपारची गोष्ट करून राहिला होता तू?"

"मी एकटा वाजवतो तेव्हाची."

"एकट्याच्या वाजवण्यात कसली आली मजा?"

तो नुसता हसला.

एकट्याच्या त्या दुपारी मेघाला माहीत होत्या. किंबहुना मनातल्या मनात त्या तिच्या लाडक्या होत्या. तिचा हात मोडल्यापासून प्रशिक सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की त्या खोलीत जाऊन आपला भाग वाजवायचा. त्याची एक रीत होती. पियानोचं झाकण उघडायचं, स्टूल बाहेर ओढून ठेवायचं, बाड उघडून समोर लावायचं, आणि मग चेलो घेऊन बसायचं. सुरुवातीचा श्वास घ्यायचा. जिथे पियानोच बोलतो तिथे गज उचलून तेवढे ठोके गप्प राहायचं, आणि आपली पाळी आली की पुन्हा सुरू व्हायचं. असं बिनजोडीचं वाजवणारे पुष्कळ असतात. पण झाकण उघडून, स्टूल ओढून वाट बघणारा हा एकच. मेघा शेजारच्या खोलीत कूलरसमोर आडवी पडून ते ऐकायची आणि तिला भरून यायचं. माझी जागा रिकामी ठेवून वाजवतोय, वेडा.

मग होळीच्या सुमाराला तिच्या कानांना एक बदल जाणवला. आधी तो गप्प राहायचा तेव्हा पायाने हलके ठोके मोजायचा. ते मोजणं बंद झालं होतं. आणि गप्प राहण्याचा वेळही कधी जास्त, कधी कमी होऊ लागला होता. ठोके मोजणाऱ्याचा वेळ सारखा असतो. जो दुसऱ्याचं ऐकत असतो त्याचा नसतो. एकदा ती उठून दारात गेली. प्रशिक डोळे मिटून, गज हवेत धरून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मेघाने या आधी फक्त आपल्यासाठी पाहिलं होतं. खोलीत टाल्कम पावडरचा वास होता. घरात पावडर कुणी लावत नव्हतं. तो उठून गेल्यावर तिने पियानोच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. बोटाला बारीक पांढरं लागलं.

भूतखेत मानणाऱ्या घरातली ती नव्हती. तिचे वडील धम्मानंद यांनी छप्पन साली आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा घेतली होती, आणि पोरीला एकच शिकवलं होतं की कशालाही घाबरण्याआधी त्याचं कारण शोध. तिने कारण शोधलं. भिंतीचा चुना असेल, म्हणाली. पियानोतली धूळ असेल. त्यावर ती गप्प बसली, पण तेव्हापासून त्या दुपारी तिच्या लाडक्या राहिल्या नाहीत.

आणि आता हा माणूस खुशीला सांगत होता की दुपारच्यासारखी मजा नाही. राग नेमका कुणाचा आला होता हे मेघाला नीट सांगता आलं नसतं. खुशीचा आलाच होता. पण खुशीपेक्षा सरस असं कुणीतरी आपल्या घरात आपल्या नकळत होतं, ही टोचणी त्याहून वाईट होती.

तिसऱ्या का चौथ्या तालमीला भर दुपारी लाइट गेली. एसी थांबला, शेजारपाजारचे कूलर थांबले, आणि नागपूरच्या दुपारची ती शांतता पसरली, जिच्यात कावळासुद्धा ओरडायचा कंटाळा करतो. प्रशिक म्हणाला, "थांबू नका, संथ भाग घेऊ." खिडकीच्या पडद्यातून पिवळा उजेड येत होता. सुरुवातीचा श्वास झाला. मेघाने कान देऊन ऐकलं. दोन नव्हे, तीन होते. तिसरा अगदी तिच्या गालाजवळून गेला, आणि तो गार होता.

खुशी त्या दिवशी फार छान वाजवत होती. प्रशिकची मान हळूहळू कलत गेली. मेघाला ते सगळं दिसत होतं, पोरीची नाजूक, धडधाकट बोटं आणि नवऱ्याची ती कललेली मान. खुशीने मान हलवली, आणि मेघाने एकाऐवजी दोन पानं एकदम उलटली.

चुकून नव्हे. ते मी लपवत नाही, कारण तिने स्वतःपाशीही कधी लपवलं नाही. खुशीने अडखळावं, थांबावं, प्रशिकने तिच्यावर चिडावं, एवढंच तिला हवं होतं.

खुशी अडखळली. समोर भलतंच पान बघून तिची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली, आणि तिने दोन्ही हात घाबरून मांडीवर घेतले.

पियानो थांबला नाही.

पट्ट्या खाली जात होत्या, वर येत होत्या. उलटून गेलेल्या त्या पानावरचेच सूर येत होते, आणि एकही चुकत नव्हता. प्रशिकची पाठ तशीच होती, गज तसाच चालला होता. खुशी आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मग तिने मेघाकडे बघितलं. मेघाने ओठांवर बोट ठेवलं. का ठेवलं, कुणास ठाऊक. कदाचित ते सूर मध्येच तोडायची तिची हिंमत झाली नाही. तो भाग इतका सुंदर वाजलेला तिने कधी ऐकला नव्हता. स्वतः वाजवला होता तेव्हाही नाही.

शेवटचा सूर विरला. प्रशिक डोळे न उघडता म्हणाला, "आज जमलं."

गाडीत खुशी आपली बोटं चोळत बसली होती. मेडिकल चौक आल्यावर तिने अगदी हळू म्हटलं, "ताई... मी वाजवत नव्हते."

"मी पाहिलं."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

मेघाने सिग्नलकडे बघत गाडी उभी केली. "तू उद्यापासून येऊ नको, खुशी. मी सांगते त्याला काही तरी."

"मी येणारच नव्हते, ताई," खुशी म्हणाली. उतरल्यावर ती दारातूनच पळत वर गेली. आणि खरं सांगायचं तर परतीच्या वाटेवर भीतीच्या बरोबरीने मेघाला हायसं वाटत होतं. एक तरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामठीला रुपरावांकडे गेली. पियानो त्यांनीच विकला होता. कन्हानच्या खाणीतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, एकटेच राहायचे. पियानो त्यांच्या वारलेल्या आत्याचा, तारा आत्याचा. ती मिशनच्या शाळेत संगीत शिकवायची आणि तिने लग्न केलं नव्हतं.

"आत्या चांगल्या वाजवायच्या?" मेघाने विचारलं.

"बम चांगली. उन्हाळ्यात बोटाले घाम येते म्हणून आधी पावडर लावे, अन् मंग बसे." रुपरावांनी पाण्याचा गडू पुढे केला. "छावणीतला एक डाक्टर साहेब येत जाय दुपारचा. त्याच्यापाशी हे एवढी मोठी सारंगी होती. दोघं वाजवत. आमी पोट्टे अंगणात खेळत राहू."

"मग?"

"मंग त्याची बदली झाली. बायकोले घेऊन निंगून गेला. आत्या त्याच्यानंतरबी दुपारी वाजवे. पण वाजवता वाजवता मधातच थांबे. आमाले वाटे, विसरली. तसं नोतं, पोरी. थो साहेबाचा हिस्सा होता. थ्या हिश्शापुरती जागा सोडून राहिली होती ते. म्हातारी झाली तरी सोडे."

मेघाच्या हातातला गडू तसाच राहिला. इथे एक बाई आपला अर्धा भाग वाजवून उरलेल्याची वाट बघत होती. तिकडे हुडकेश्वरला मेघाचा नवरा त्याच पियानोसमोर उरलेला अर्धा वाजवत होता. झाकण उघडून, स्टूल ओढून, श्वास घेऊन, अगदी आदबीने बोलावल्यासारखा.

"साहेबाची बायको कशी होती?" तिने विचारलं. हा प्रश्न आपण का विचारला, ते तिला कळलं नाही.

"एकदा आल्ती ऐकाले. आत्यानं तिले चहा देल्ला, वसरीत खुर्चीवर बसवलं, अन् आतून दार लावून घेतलं." रुपरावांनी तिला पाणी प्यायची खूण केली. "तुमी वाजवता का त्याच्यावर?"

"मी वाजवायची. नवरा चेलो वाजवतो. ती मोठी सारंगी."

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट बघितलं. "हे पैले सांगतलं असतं," तो म्हणाला, "त मी नसता देल्ला."

त्या संध्याकाळी मेघाने नवऱ्याला सांगितलं की पियानो परत देऊन टाकू. कारण काही सांगितलं नाही. खुशी का येणार नाही याचंही तिने काहीतरी बनवून ठेवलं होतं, पण त्याने ते विचारलंच नाही.

"काहून परत द्यायचा?" तो म्हणाला.

"मले तो घरात नको."

प्रशिक चेलोच्या तारा पुसत होता. पुसतच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मले माहीत आहे खुशी वाजवत नव्हती ते."

"...कधीपासून माहीत आहे?"

"नको विचारू, मेघा."

"कोण आहे ते तरी माहीत आहे का तुले?"

"जमून राहिलं आहे ना," तो म्हणाला. "इतकं कधी जमलं नव्हतं. जमू दे ना."

इतकं कधी जमलं नव्हतं. हे वाक्य मेघाच्या काळजात रुतलं ते रुतलंच. रात्रभर ती त्यावरच तळमळली. एवढी वर्षं मी वाजवलं त्याचं काय? माणसाच्या बाईशी भांडता येतं. तिची साडी, तिचं बोलणं, तिची चाल, कशाला तरी नावं ठेवता येतात. हिला नावं कशी ठेवायची? ही तर फक्त वाजवत होती, आणि आपल्यापेक्षा चांगलं. मेघाला त्या मेलेल्या बाईची भीती वाटायला हवी होती. तिला हेवा वाटला. आणि हेव्याच्या भरात तिने ठरवलं की स्टूल माझं आहे, मी त्यावर बसेन. मी बसले तर तिला बसायला जागा उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशिक चेलो घेऊन आला तेव्हा ती पियानोसमोर बसलेली होती, स्टुलाच्या अगदी मधोमध, पाय रोवून. तो क्षणभर दारात थबकला. मग जागेवर बसला आणि त्याने श्वास घेतला.

मेघाने बोटं टेकवली. आखडलेली दोन बोटं दुखत होती, आणि पहिल्याच ओळीत आपली फजिती होणार हे तिला दिसत होतं. होऊ दे, म्हणाली. फजिती झाली तरी ती माझी असेल. पण बोटं पट्टीला लागायच्या आधी पट्टी खाली गेली होती. दुसरीही, तिसरीही. तिची बोटं नुसती त्यांच्यावर टेकलेली होती आणि पट्ट्यांबरोबर वरखाली होत होती. तिने जोर लावून एक सूर मुद्दाम चुकवायचा प्रयत्न केला. पट्टी दगडासारखी घट्ट झाली. पावडरचा वास नाकात शिरला. उजव्या दंडाला काहीतरी गार टेकलं आणि टेकून राहिलं, बसच्या सीटवर शेजारची बाई सरका जरा म्हणत टेकते तसं. मेघा सरकली. सरकायचं नाही असं ठरवूनही सरकली. पहिला भाग संपेपर्यंत ती स्टुलाच्या मध्यावर नव्हती. संथ भाग संपेपर्यंत ती डाव्या कडेवर अर्धीमुर्धी टेकली होती. आणि मग तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपला डावा हात एकच काम करतोय. तो पानं उलटतोय.

मागे प्रशिक रडत होता. आनंदाने.

पियानो फोडून टाकावा असं तिला वाटलं नाही असं नाही. पण फोडला तर आपल्या मनातलं सगळं त्याला कळेल, आणि तो कुणासाठी हळहळेल तेही तिला कळेल. ते तिला बघायचं नव्हतं. एकच आशा उरली होती. कार्यक्रम रामदासपेठेतल्या सभागृहात होता आणि तिथला पियानो वेगळा होता, त्यांचाच, मोठा, काळा. कामठीची बाई कामठीच्या पियानोला चिकटलेली असणार. तिथे ती येणार नाही. तिथे मेघा वाजवेल, जमेल तसं, चुकत, ठेचकाळत. लोक हळहळतील, नवरा शरमेल, पण स्टुलावर फक्त ती असेल. रविवारी सकाळी साडी नेसताना तिने बोटं कोमट पाण्यात बुडवली, फाकवून बघितली. जरा फाकली. तिला बरं वाटलं.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत लोक पन्हं पिऊन पंख्याखाली निवांत बसले होते. मेघा काळ्या पियानोसमोर बसली. पट्ट्या स्वच्छ होत्या. वास फक्त पॉलिशचा होता. तिने मान वळवून प्रशिककडे बघितलं. इथे तो दिसत होता. त्यानेही बघितलं. मेघाला वाटलं, माझ्याकडे बघतोय. तिने श्वास घेतला.

तिच्या उजवीकडे, तिच्या आणि लोकांच्या मध्ये, आणखी कुणीतरी श्वास घेतला.

पुढचं सगळं फार सुंदर झालं. सगळे तेच म्हणत होते. शेवटचा सूर संपल्यावर लोक क्षणभर टाळ्या वाजवायचे विसरले, आणि मग थांबेनात. प्रशिक उठला, चेलो आडवा ठेवला, पियानोजवळ आला आणि त्याने हात पुढे केला. मेघाने आपला हात उचलला. पण त्याचा हात तिच्यापर्यंत आलाच नाही. तो तिच्या उजवीकडेच थांबला, आणि त्याची बोटं हलकेच मिटली, हातात हात घेताना मिटतात तशी.

"तू बस," तो तिला पुटपुटला. रागाने नव्हे. सांभाळून सांगितल्यासारखं.

मग तो पुढे झाला आणि वाकला. एक हात अंगापासून जरा दूर, कुणाला तरी धरून.

लोक पांगत असताना पुढच्या रांगेतल्या एक बाई मेघाकडे आल्या. कुणाच्या तरी आई असाव्यात. "सुंदर झालं," त्या म्हणाल्या, "पियानोवाल्या बाई कुठं गेल्या? चष्मेवाल्या, जरा वयस्कर? त्यांना भेटायचं होतं." मेघाने बाड छातीशी धरलं. "तुम्ही पानं फार छान उलटता हो," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गाडी उन्हात तापली होती. प्रशिकने चेलो मागच्या सीटवर आडवा ठेवला. मेघा सवयीने पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली, तर तो वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि त्याने ते दार उघडलं. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यासाठी गाडीचं दार कधी उघडलं नव्हतं.

"तू मागे बस," तो म्हणाला, "चेलोले धरून."

ती मागे बसली. पुढचं दार तो थोडा वेळ उघडं धरून उभा राहिला, मग त्याने ते हलक्या हाताने लावलं आणि येऊन स्टिअरिंगला बसला. किल्ली फिरवली. समोरच्या काचेखाली लाल खूण लागली आणि टिंग टिंग आवाज सुरू झाला. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की ती गाडी असा आवाज करते. वजन असल्याशिवाय करत नाही.

"बेल्ट लावून घ्या," प्रशिक म्हणाला.

मेघाने मागून बघितलं. पट्टा खाचेतून सावकाश बाहेर आला, रिकाम्या सीटवरून आडवा गेला, आणि सीटला न टेकता वीतभर पुढे, काहीतरी वळसा घालून ताणल्यासारखा राहिला. खट्‌ झालं. आवाज बंद झाला.

"निघायचं?" प्रशिकने विचारलं.

मेघाने चेलोला घट्ट धरलं. तिला विचारलंच नव्हतं. प्रशिक थोडा वेळ थांबला, मग हसून त्याने मान डोलावली आणि गाडी रस्त्यावर घेतली.